तेरा मीटर बाय दहा मीटर

या अंकाची ही पानं दुसऱ्याच मजकुरासाठी राखून ठेवली होती. साहित्य संमेलनवाल्यांचा समाचार घ्यायचा होता. तो पुढच्या अंकात घेऊ, ती मंडळी कुठं पळून जात नाहीत. मास्तर गेला. आमच्या चाळीतल्या पोरांना कबड्डी शिकवणारा मास्तर. गेल्या महिन्यात, मध्यरात्रीनंतर, एका सरकारी दवाखान्यात, नाकाला नळी लावलेली असताना गेला. दुसऱ्या दिवशीच्या एकाही पेपरात ओळ आली नाही. येणार नव्हतीच. म्हणून इथं छापतोय.

त्याचं नाव छापत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. जिवंत होता तोवर त्यानं स्पर्धेच्या एकाही बॅनरवर स्वतःचं नाव टाकू दिलं नाही. 'नाव टाकलं की वर्गणी मागायला मलाच पुढं कराल' म्हणायचा. आणि एकेरीत लिहितोय, कारण सातवीतल्या पोरापासून साठीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळी चाळ त्याला 'ए मास्तर' अशीच हाक मारायची. अहो-जाहो केलं की तो मागं वळून बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून.

वरळीच्या बीडीडी चाळी. नव्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले. एका इमारतीत ८० खोल्या. एक खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. त्या १६० फुटांत आई, बाप, आजी, चार भावंडं, गावाहून आलेला चुलता आणि बाबासाहेबांचा फोटो. पोरगं मिसरूड फुटायच्या वयाला आलं की रात्री घरात मावत नाही, ते बाहेर झोपतं. बाहेर झोपणारं पोरगं बाहेरच वाढतं. चाळींमधलं पटांगण आमची दुसरी खोली होती आणि मास्तर त्या खोलीचा बाप होता.

५ जानेवारी १९७४. वरळीत पँथरची सभा होती. मास्तर तेव्हा एकोणीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. सभेवर दगड आले, मागोमाग पोलिसांच्या लाठ्या आल्या आणि मग कित्येक महिने दंगल धुमसत राहिली. १० जानेवारीच्या मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. भागवतचं नाव आपण दरवर्षी घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण ५ तारखेला आणखी किती जणांचं काय काय फुटलं, याची वही कुणी ठेवली नाही. मास्तरचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड वाकडं बसलं होतं. त्या हाताची मूठ नंतर कधी पुरती मिटली नाही.

आता हे समजून घ्या, की मास्तर डाव्या कोपऱ्यात खेळायचा. कोपऱ्यातल्या गड्याचं काम काय? चढाईवाला दम घुमवत आत आला की त्याचा घोटा नाहीतर मांडी धरायची आणि जीव गेला तरी सोडायची नाही. त्याला दोन मुठी लागतात. गिरणीच्या संघात त्याला घेणार होते. संघात घेतला असता तर बदलीतून कायम झाला असता. एका लाठीत नोकरी आणि खेळ दोन्ही गेलं. बदलीवाला तो बदलीवालाच राहिला. जिथं कुणी उभं राहायला तयार नसायचं त्या खात्यात, कापसाच्या धुळीत, उभा राहिला. संध्याकाळी पटांगणात येऊन पोरांना कोपरा शिकवायला लागला. खेळाडू संपला त्याच वर्षी मास्तर सुरू झाला. तेव्हापासून जवळपास पन्नास वर्षं.

मी त्याच्या हाताखाली १९८३ साली आलो. संपाचं दुसरं वर्ष. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले होते आणि बाप लोक घरी बसले होते. घरी बसलेला बाप काय असतो ते ज्याच्या घरात होता त्यालाच विचारा. आमच्याकडं आधी पितळी भांडी गेली, मग रेडिओ गेला. पोरं नाक्यावर उभी राहायला लागली. पुढं काही वर्षांत चाळीत गर्द आला, पुडीतून. टोळ्यांनाही पोरं हवीच होती, दोन पायांवर पळणारी. मास्तरही उपाशीच होता. पण संध्याकाळी सहाला फक्कीची पिशवी घेऊन पटांगणात यायचा आणि रेषा मारायला लागायचा. मध्यरेषा, निदान रेषा, मग कडा. रेषा मारेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. त्या पांढऱ्या रेषा दिसल्या की खिडक्या-खिडक्यांतून पोरं उतरायची. कुणाला हाक मारावी लागायची नाही.

आमच्या जातीच्या माणसाला कबड्डी का शिकवायची, याचं मास्तरचं स्वतःचं एक उत्तर होतं. त्याचा बापही गिरणीत होता. त्या काळी विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. का? तर बॉबिनचा धागा तुटला की तो तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या थुंकीचा धागा बाकीच्यांना चालत नसे. विणकामात पगार जास्त. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावायचा प्रयत्न केला, लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारला. मास्तर हे सांगायचा आणि मग म्हणायचा, 'आता बघा. आपल्या भाषेत शिवाशिव म्हणजे विटाळ. आणि हा खेळच शिवाशिवीचा आहे. त्यानं येऊन तुला शिवायचं. तू त्याला धरायचं. न शिवता, न धरता या खेळात एक गुण मिळत असेल तर मला सांगा.' मिळतो खरा, बोनसचा. एका पोरानं एकदा ते सांगितलंही. मास्तर म्हणाला, 'मग तू बोनसच घे आयुष्यभर.'

पोरं बाहेरच्या स्पर्धांना जायची. एकदा सातारा जिल्ह्यातल्या एका गावी गेलो, जत्रेची स्पर्धा. अंतिम सामना जिंकलो. सामना चालू असताना त्यांचा कोपऱ्यातला गडी माझ्या मांडीला अशी मिठी मारून पडला होता, की सख्ख्या भावानं मारली नसेल. संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्यांच्यातल्या एकानं सहज विचारावं तसं विचारलं, 'वरळीची पोरं, होय? कितव्या नंबरची चाळ?' वरळीत चाळीचा नंबर सांगितला की जात कळते, हे साताऱ्याच्या गावालाही ठाऊक होतं. मुंबईला दूध-भाजी पोचो न पोचो, ही माहिती गावाला बरोबर पोचते. नंबर सांगितला. पाच मिनिटांत आमच्या पत्रावळी देवळाच्या पाठीमागं मांडल्या गेल्या. मैदानात मांडी धरणारे हात पंगतीत पत्रावळ लांब सरकवत होते.

आम्ही पेटलो होतो. दोघांनी दगड उचलले होते. मास्तरनं ते टाकायला लावले. बक्षिसाचे पाचशे एक रुपये होते, ते मोजून घेतले, सही केली, आणि आम्हाला अंधारातून चालवत एसटी स्टँडवर आणलं. तिथल्या कँटीनवाल्याच्या परातीत जेवढी भजी होती तेवढी सगळी घेतली. गरम नव्हती. वरून वाटसरूंनाही बोलावून दिली. तो म्हातारा कँटीनवाला कोण जातीचा होता आम्हाला माहीत नाही, त्यानंही आमचा नंबर विचारला नाही.

पुढच्या वर्षी मास्तरनं त्याच गावी पुन्हा प्रवेश अर्ज पाठवला. आम्ही भांडलो. बहिष्कार टाका, पत्रक काढा, तालुक्याला मोर्चा न्या, असं सगळं बोलून झालं. तो म्हणाला, 'पत्रक तुम्ही काढा, तुम्हाला लिहिता येतं. मी संघ नेणार. आपण गेलो नाही तर ते मैदान कायमचं त्यांचं होतं.' अर्जाबरोबर एक कागद जोडला होता, जेवण एका पंगतीत होईल काय ते लेखी कळवावे. उत्तर आलं नाही. संघ गेला, जिंकला. त्या वर्षी पंगत ठेवलीच नव्हती, पाकिटं वाटली. मास्तर पाकीट उघडून म्हणाला, 'लाडू कमी केला, पण रांग एक केली.' मला तेव्हा तो समझोता वाटला होता आणि थोडासा आजही वाटतो. त्याच्याशी माझं यावर शेवटपर्यंत जमलं नाही.

परतीच्या एसटीत तो बाळू पळवणकरची गोष्ट सांगायचा. ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकानं पन्नासदा तरी ऐकली असेल. चांभाराचा पोरगा, पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखायचा, जाळ्यात साहेबांना चेंडू टाकायचा. फलंदाजी मात्र साहेबाची. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतला. चेंडू त्याच्या हातचा चालत होता, पण चहाच्या वेळी तो तंबूबाहेर, मातीच्या बोळक्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर ११४ बळी घेतले त्या माणसानं. हिंदूंच्या संघाची रीतसर कप्तानी त्याला कधी मिळाली नाही. ती त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाली आणि त्याही वर्षी हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं.

इथपर्यंत पोरं टाळ्या वाजवायची. मास्तर तिथं थांबायचा नाही. आमचे बहुतेक वक्ते थांबतात. तो पुढचं सांगायचा. हाच बाळू १९३२ साली बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला उभा होता. हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत बाबासाहेबांसमोर उभा राहिला आणि सुमारे दोन हजार मतांनी पडला. एकदा एक नवा पोरगा चवताळून उठला, 'म्हणजे गद्दार!' मास्तरनं त्याला खाली बसवलं. 'मत त्याला द्यायचं नव्हतंच. माझ्या बापानं बाबासाहेबांनाच मत दिलं असतं, पण त्याला मताचा अधिकारच नव्हता. पण ११४ बळी काय तू काढलेस? दोन्ही लक्षात ठेव. एकच लक्षात ठेवणारा माणूस कोपऱ्यात उभा करण्याच्या लायकीचा नाही, त्याला एकाच बाजूचं दिसतं.'

हे मी मुद्दाम विस्तारानं लिहितोय, कारण आपल्याकडं एकाच बाजूचं दिसणारी माणसं फार झालीत. १९७४ सालातच पँथर फुटली. १९७७ ला बरखास्तीची घोषणा झाली. रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला बोटं पुरत नाहीत. प्रत्येक तुकड्याची चाळीत एक शाखा, एक फळा, एक वर्गणीची पावती. एकेका घरात बाप एका गटात आणि पोरगा दुसऱ्या. ही सगळी पोरं मास्तरच्या संघात होती. एका गटाच्या माणसानं येऊन सांगितलं, बनियनवर आमच्या पक्षाचं नाव टाका, बूट देतो. दुसऱ्यानं सांगितलं, आम्ही बूट आणि बनियन दोन्ही देतो. मास्तरनं दोघांनाही चहा पाजला आणि पोरं पाचेक वर्षं अनवाणी खेळली. पकडीला साखळी करतात, दोघं-तिघं एकमेकांचे हात धरून चढाईवाल्याला कोंडतात. मास्तर म्हणायचा की ज्याच्या हातात हात द्यायचा त्याला पक्ष विचारत बसलास तर चढाईवाला रेषा ओलांडून गेलेला असतो. संघ कधी फुटला नाही. आणि मास्तर कुठल्याच गटाचा नाही म्हणून कुठल्याच गटानं त्याला कार्यकर्ता मानलं नाही. सत्कार नाही, व्यासपीठावर खुर्ची नाही. चळवळीच्या इतिहासाची जी पुस्तकं निघतात त्यांत कवी आहेत, पुढारी आहेत, आमच्यासारखे संपादकही आहेत. संध्याकाळी सहाला फक्की मारणारा माणूस नाही.

आमच्या या अंकाचंही त्याला फारसं कौतुक नव्हतं. प्रत्येक अंक वाचायचा मात्र, चष्मा कपाळावर ढकलून, शेवटच्या पानापासून उलटा. एकदा म्हणाला, 'कविता जोरात आहेत रे. पण शिव्या आईबहिणीच्याच का? माझ्या पोरींच्या संघाला हे दाखवू कसं?' संपादक मंडळात यावर दोन तास खडाजंगी झाली. शिवी हे हत्यार आहे, भाषेचा विद्रोह आहे, वगैरे. मास्तरला ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'असेल. पण हत्यार दरवेळी बाईच्याच अंगावर का पडतं तेवढं विचारा.'

पोरींचा संघ त्यानं नव्वदीच्या सुरुवातीला काढला. तेव्हा विरोध सवर्णांचा नव्हता, आपलाच होता. निळ्या झेंड्याखाली घोषणा देणारे बाप हाफ पँट म्हटल्यावर दार लावून घेत होते. मास्तर दारोदार फिरला, तोही बापांकडं नाही, आयांकडं. नळावर, जिन्यात, बाजारात आयांना गाठायचा. सात पोरी जमवायला त्याला वर्ष लागलं. त्यातली एक पुढं खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणातून पोलिसांत लागली. वर्दी घालून पेढे घेऊन आली तेव्हा मास्तर त्या न मिटणाऱ्या मुठीनं पेढा धरून हसत सुटला. 'पोलिसांनी माझा हात घेतला, मी त्यांना पोरगी दिली. आता बघू कोण कुणाला सुधारतं.'

सगळ्यांचं असं गोड झालं नाही. त्याच्याकडं हजेरीची एक वही होती, संपली की दुसरी जोडायचा. दोऱ्यानं शिवलेल्या त्या वह्या आता माझ्याकडं आहेत. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी रिक्षावर. काही नावांपुढं तारीख लिहून रेघ ओढलीय. गर्दात गेलेली पोरं. एक गोळीनं गेलेला. काही नावांपुढं नुसतंच 'येत नाही' लिहिलंय, वर्षानुवर्षं, रोज. म्हणजे येत नाही हे माहीत असूनही हा माणूस रोज संध्याकाळी ते नाव वाचत होता.

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. २०१८ च्या लिलावात एकेका गड्याची बोली कोटीच्या वर गेली. चाळीत टीव्हीभोवती गर्दी व्हायची, मास्तरही बसायचा. आवडायचं त्याला. आम्ही भांडवलशाहीवर बोलायला लागलो की म्हणायचा, 'गप रे, पकड बघू दे.' एकच गोष्ट त्याला खुपायची. मॅटवर खेळायचं तर बूट लागतात, मॅट लागते, हॉल लागतो. 'मातीला काही लागत नव्हतं. माती फुकट होती म्हणून हा खेळ आपला होता.'

शेवटच्या दोन वर्षांत त्याचा दम गेला. कापसाची धूळ किती, बिड्या किती, नंतर लोअर परळच्या एका टॉवरखाली वीस वर्षं वॉचमनकी केली त्या तळघरातल्या गाड्यांचा धूर किती, हिशेब कोण करणार. केसपेपरवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. तीस सेकंदांची चढाई एका दमात शिकवणारा माणूस तीन शब्द बोलून थांबायचा. तरी खुर्ची टाकून पटांगणात यायचा. ओरडता येत नाही म्हणून काठी आपटायचा. एकदा आपटली तर 'कोपरा', दोनदा आपटली तर 'गाढवा'.

आता मुद्द्याचं.

मास्तर गेल्याच्या चौथ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. त्यावर मास्तरचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्याचा दारावरच्या पडद्याएवढा. आठव्या दिवशी निरोप आला, की मास्तरच्या नावानं स्मृती चषक ठेवू, मोठी बक्षिसं देऊ, एक बिल्डर प्रायोजक आहे. पोरांना विचारलं. पोरं म्हणाली, चषक ठेवा, पण खेळायचं कुठं?

चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीस मजली इमारत, ५०० चौरस फुटांचं घर. आम्ही त्याच्या विरोधात नाही, हे स्वच्छ सांगतो. शंभर वर्षं १६० फुटांत कुजलेल्या माणसाला चाळीचं प्रेम शिकवायला येणाऱ्या लेखकांची आम्हाला शिसारी येते. संडास घरात आला पाहिजे. मास्तरची म्हातारी आई पावसाळ्यात सामाईक संडासाच्या वाटेवर पडून मोडली होती, त्याला चाळीचं गाणं कुणी ऐकवायचं नाही. घर हक्काचं आहे आणि ते घेणारच.

पण पटांगणही हक्काचं आहे. त्याची कुणाला पावती नव्हती, भाडं नव्हतं, सात-बारा नव्हता, म्हणून ते कुणाच्याच नावावर मागता येत नाही असं जर कुणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. १३० चौरस मीटर. चौरस फुटांत काढलं तर १४०० च्या आसपास. म्हणजे नवी ५०० फुटांची तीन घरंसुद्धा पुरी होत नाहीत. शेकडो घरांच्या इमारतीखाली तीन घरांएवढी माती. बाजूला राखीव गड्यांना आणि म्हाताऱ्यांना बसायला थोडी जागा धरा, तरी कुणाचं दिवाळं निघत नाही. पोरींना १२ बाय ८ लागतं, ते त्यातच बसतं. माती जमिनीवर हवी, पार्किंगच्या छपरावर नको. आणि तिच्या दाराला रखवालदार बसवून आधार कार्ड विचारायचं नाही. चाळीतली पोरं, समोरच्या झोपडपट्टीतली पोरं, ज्यांना चावी मिळाली ती आणि ज्यांचं नाव यादीत नाही तीही, सगळी तिथं उतरतील.

चषकवाल्याला आम्ही हेच लेखी कळवलं आहे. मास्तरच्या नावानं काही द्यायचं तर तेरा बाय दहा द्या. नाव नाही टाकलं तरी चालेल. उत्तर आलेलं नाही. रहिवाशांच्या सह्या गोळा करायचं काम सुरू आहे. आमच्या बाजूच्या चार इमारतींत मुलींच्या संघातल्या पोरी दारोदार फिरतायत, पुन्हा आयांकडंच आधी. ज्या वाचकांचे नातेवाईक नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींत आहेत त्यांनी तिथंही हाच कागद फिरवावा, नमुना अंकाच्या मागच्या पानावर छापला आहे. सही घेताना पक्ष विचारू नये.

शोकसभा ठेवलेली नाही. पटांगण अजून शाबूत आहे, तोवर सराव रोज संध्याकाळी सहाला. फक्की संपत आली आहे, येताना एकेक किलो आणा.

जयभीम.